उत्पन्नाच्या दाखल्यात घर मावत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रांत गुणवंतांचे फोटो येतात आणि त्यांखाली ‘वडील ऊसतोड कामगार’, ‘आई शेतमजूर’ अशी ओळ असते. ही ओळ छापली जाते याचे आम्हाला मनापासून समाधान आहे. पण त्या मुलाचे पुढचे तीन महिने कसे जाणार, हे गुणपत्रिका ठरवत नाही. घरात आधी कोण शिकले आहे, जमीन कोणाच्या नावावर आहे, आजोबांचा शाळेचा दाखला निघतो का, नात्यातले कोणी तहसील कचेरीची पायरी चढलेले आहे का, यांवर ते ठरते. तासगाव, कवठेमहांकाळ आणि जत भागातील मुलांचे प्रवेशाचे व शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम आम्ही करतो. त्यातून जे दिसते ते मांडण्यासाठी हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशील गाळले तर त्याचा कोणाला उपयोग होणार नाही.

‘तुम्ही कोणत्या वर्गातले?’ असे विचारले तर आपल्याकडे बहुतेक घरे ‘आम्ही सर्वसामान्य’ असेच सांगतात. दोघेही शिक्षक असलेले जोडपे, बारा एकर उसाचा मालक, सूतगिरणीतला कामगार, बेदाण्याच्या शेडवर निवडकाम करणारी बाई, सगळेच सर्वसामान्य. यात कोणी खोटे बोलत नसते. प्रत्येक जण भावकीशी आणि शेजाऱ्याशी स्वतःला ताडून पाहत असतो. शासनाला मात्र आकडा लागतो आणि तो ‘कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न’ या एका रकान्यात भरला जातो.

दोन घरे समजा. एक पलूसजवळचे. तीन एकर बागायत, कृष्णेचे पाणी, ऊस कारखान्याला जातो, वडील सभासद. वडील बी.ए., आई बारावी, आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुसरे घर जतच्या पूर्व भागातले. आठ एकर जिरायत, पाऊस झाला तर बाजरी आणि ज्वारी. दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायको मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, जातात ते कारखाना बंद झाल्यावर परततात. या दोन्ही घरांचा उत्पन्नाचा दाखला सारख्याच रकमेचा निघू शकतो. तलाठ्याचा अहवाल जमीन आणि पीक पाहून होतो. उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि ती उचल अंगावर असते, कमाई म्हणून हातात आलेली नसते. पहिल्या घरातली मुलगी बारावीनंतर काय करायचे ते आत्याला विचारते. दुसऱ्या घरातला मुलगा ऐन परीक्षेच्या दिवसांत धाकट्या भावंडांना घेऊन आजीजवळ राहतो. गावात हंगामी वसतिगृह मंजूर झाले असेल तर निदान जेवणाची सोय होते. आईवडिलांबरोबर गेला तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यायचे असते, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला त्याच इयत्तेत बसता येते. हे पुष्कळ पालकांना माहीतच नसते.

आता जमीन पाहा. आठ एकर म्हणजे ३.२ हेक्टर. अल्पभूधारक दाखल्याची सर्वसाधारण मर्यादा २ हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर. केंद्राच्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या, म्हणजे ईडब्ल्यूएसच्या प्रमाणपत्रासाठीही पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असलेले कुटुंब अपात्र ठरते. ती शेती बागायत आहे की जिरायत, हे कोणी विचारत नाही. म्हणून बाराही महिने पाणी असलेले तीन एकरांचे घर दाखल्याच्या दृष्टीने लहान ठरते आणि कुसळांचे आठ एकर असलेले घर मोठे. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासारख्या योजनेत अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांचा विशेष विचार होतो. ऊसतोड करणाऱ्या घराने मजूर म्हणून नोंदणी केलेली असेल तर तो मार्ग खुला राहतो, नाहीतर दोन्हीकडून हात रिकामा.

यात आणखी एक गुंता आहे. आठ एकर बहुतेक वेळा आजोबांच्या किंवा चार भावांच्या सामाईक नावावर असतात. प्रत्यक्षात वाट्याला दोन एकर येतात, पण सात-बारावर सगळे क्षेत्र एकत्र दिसते. आजोबा वारले असतील आणि वारस नोंदच झालेली नसेल तर वडिलांचा हिस्सा कागदावर शून्य. हे काम प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही. वारस नोंदीचा फेरफार धरायला आणि मंजूर व्हायला वेळ जातो. सहमतीने वाटणी करायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज लागतो, आणि एक भाऊ मुंबईला असेल, एक रुसलेला असेल तर वर्ष सहज निघून जाते. मूल नववीत असतानाच पालकांनी सात-बारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून नावे तपासावीत, असे आम्ही सांगतो ते याचसाठी.

वर्ग फक्त पैशाने मोजू नये, ही गोष्ट अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखली आहे. वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी घरोघर पाहणीला येतात तेव्हा शहरी कुटुंबांसाठी कुप्पुस्वामी यांची १९७६ ची मोजपट्टी वापरतात. तिच्यात एकूण २९ गुण असतात. कुटुंबप्रमुखाच्या शिक्षणाला जास्तीत जास्त ७, व्यवसायाला १० आणि कुटुंबाच्या उत्पन्नाला १२. म्हणजे निम्म्याहून जास्त गुण उत्पन्नाबाहेरचे आहेत. ग्रामीण घरांसाठी पारीक आणि त्रिवेदी यांची १९६४ ची मोजपट्टी आहे. तिच्यात जात, व्यवसाय, शिक्षण, सार्वजनिक कामातला सहभाग, जमीन, घर, शेतीची जनावरे व अवजारे, घरातल्या वस्तू आणि कुटुंबाचा प्रकार अशा नऊ गोष्टी पाहतात. बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या कंपन्यांनी २०११ पासून जी वर्गवारी वापरली तिच्यात तर उत्पन्न विचारतच नाहीत. मुख्य कमावत्याचे शिक्षण आणि पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, शेतजमीन अशा ११ पैकी किती गोष्टी घरात आहेत, एवढेच विचारतात. साबण विकणाऱ्याला जे कळते ते शिष्यवृत्ती देणाऱ्याने लक्षात घ्यायला हरकत नसावी. या मोजपट्ट्यांतही एक उणीव आहे. त्या बहुतांशी कुटुंबप्रमुखाचे किंवा मुख्य कमावत्याचे शिक्षण पाहतात. आमच्या पाहण्यात मात्र अर्ज वेळेत आणि बिनचूक भरला जाणार की नाही, हे आई किती शिकली आहे यावर सर्वांत जास्त अवलंबून असते.

उत्पन्न मोजण्याची पद्धतसुद्धा योजनेगणिक बदलते, आणि इथे शिकलेली माणसेही फसतात. इतर मागास वर्गाच्या नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याच्या, प्रमाणपत्राची मर्यादा २०१७ पासून ८ लाख रुपये आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निकालानंतर १९९३ मध्ये हे निकष ठरले तेव्हा ती १ लाख होती. या ८ लाखांत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. सरकारी नोकरदारांच्या बाबतीत पद पाहतात. आई किंवा वडील थेट भरतीने गट अ मध्ये असतील, दोघेही गट ब मध्ये असतील, किंवा गट ब मधले वडील वयाच्या चाळिशीपर्यंत बढतीने गट अ मध्ये गेले असतील, तर मूल क्रिमीलेअरमध्ये जाते. दोघेही गट क मध्ये असतील तर पगार कितीही असो, ते बाहेरच राहते. ईडब्ल्यूएसची मर्यादाही ८ लाखच, पण तिथे पगार, शेती, धंदा सगळे एकत्र धरतात. आकडा एकच, म्हणून पालक नियमही एकच समजतात. मग शेतीचे उत्पन्न त्यात धरून ‘आपण बसत नाही’ असे ठरवणारे शेतकरी नॉन-क्रिमीलेअर काढतच नाहीत आणि मूल खुल्या गटात लढते. असे बहुधा त्याच घरात घडते जिथे विचारायला कोणी नोकरदार नातेवाईक नसतो. एकत्र कुटुंबात चुलत्यांचे आणि आजोबांचे उत्पन्नही मिळवले जाते. ते मिळवायचे नसते, निकष आईवडिलांचा आहे.

सर्वांत कठीण पायरी जात पडताळणीची, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचे समितीकडून तपासून घेण्याची. इथे शासन घराचा भूतकाळच पुराव्यासह मागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, जातीची व वास्तव्याची नोंद असलेला कागद लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो आणि काम सोपे होते. जमीन असेल तर जुने फेरफार आणि खासरापत्रके (जमिनीच्या जुन्या नोंदी) मिळतात. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, हा आणखी एक आधार. ज्या घराला शाळा मिळाली नाही, जमीन मिळाली नाही आणि एका गावी वस्तीही मिळाली नाही, त्या घराकडे यातले काहीच नसते. ज्यांच्यासाठी सवलत निर्माण झाली त्यांनाच ती सिद्ध करणे सर्वांत अवघड जाते, याचे आम्हाला दर वर्षी वाईट वाटते.

आपल्या जिल्ह्यापुरती एक माहिती इथे उपयोगी पडेल. सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा भाग त्याआधी सातारा जिल्ह्यात होता. आटपाडी औंध संस्थानात होती. जत, सांगली, मिरज ही स्वतंत्र संस्थाने होती. त्यामुळे १९४० च्या नोंदीत ‘जिल्हा सातारा’ दिसला आणि अर्जात ‘जिल्हा सांगली’ लिहिले तर घाबरू नये, प्रतिज्ञापत्रात तसा खुलासा करावा. संस्थानातले जुने दप्तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात मिळाले नाही तर पुराभिलेखागारात शोधावे लागते. जुनी नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून प्रमाणित लिप्यंतर करून घ्यावे. नोंदीत वडिलांचे नाव ‘बापू’ आणि दाखल्यात ‘बापूराव’, आडनावाच्या जागी धंद्याचे नाव, असे फरक सर्रास असतात. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे स्पष्ट लिहावे लागते. वडील, सख्खे चुलते किंवा आत्या यांच्यापैकी कोणाची जात वैधता आधी झालेली असेल तर पुढच्याचे काम बरेच हलके होते. म्हणजे घराण्यातला पहिला अर्जदार सगळ्यांचा भार वाहतो. अकरावी-बारावी विज्ञान शाखेत असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज करता येतो. तो बारावीच्या निकालानंतरवर टाकू नये.

उत्पन्न आणि पार्श्वभूमी यांतला हा फरक साताऱ्याला नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. घर निवृत्तिवेतनावर चालणारे, पण वडील लष्करात सुभेदार आणि तिथल्या शाळेतले शिक्षक. म्हणून वाचन, इंग्रजी आणि शिस्त घरात होती. तेवढी शिदोरी असूनही वर्गात त्यांना वेगळे बसावे लागले. घरचे शिक्षण जातीची भिंत आपोआप पाडत नाही आणि जातीचा दाखला घरचे शिक्षण भरून देत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. फी माफ केली म्हणून भागत नाही, हे त्यांनी जाणले होते. जेवण, दिवा, अभ्यासाची जागा, वरच्या वर्गातल्या मुलांची संगत आणि ‘कमवा आणि शिका’तून हातात येणारे चार पैसे, हे सगळे मिळून घरची पोकळी भरते. आजच्या योजनांत फीचा भाग मोठा झाला आहे आणि बाकीचा आक्रसला आहे.

उदाहरणार्थ, २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. निर्णय फार चांगला आहे. पण खोलीभाडे, मेस, पुस्तके, लॅपटॉप आणि प्रवास यांची जुळणी घरालाच करावी लागते. काही महाविद्यालये सवलत असूनही ‘आधी भरा, आले की परत देऊ’ म्हणतात. पगारदार घर ते पैसे भरून थांबू शकते. ज्या घरात उसाचे बिल किंवा बेदाण्याची पट्टी आल्यावरच पैसा दिसतो ते घर खासगी सावकाराकडे जाते, किंवा मुलीला जवळच्या कॉलेजात घालते. जून-जुलैत तर त्या घरात पेरणीचा खर्च असतो.

बाहेरगावी कमावणाऱ्या घरांची अडचण वेगळीच. खानापूर-आटपाडीची गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायातली कुटुंबे देशभर पसरली आहेत. हातात पैसा असतो, पण मुलाची दहावी-बारावी दुसऱ्या राज्यात झालेली असते. अशा वेळी राज्यातल्या प्रवेशासाठी त्याच्या किंवा आईवडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवासाचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे लागते. जावळी, पाटण, माण, खटावमधल्या माथाडी कामगारांचे कुटुंब गावी आणि कमाई नवी मुंबईत. तलाठ्याला फक्त शेत दिसते. माथाडी मंडळाचा वेतनाचा दाखला जोडला नाही तर पुढे तपासणीत विसंगती निघते आणि अर्ज परत येतो.

आता नेहमी होणाऱ्या चुका. फेब्रुवारीत काढलेला उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून तो १ एप्रिलनंतर काढावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली त्याला १५ दिवसांची मुदत आहे. सेतू केंद्राची पावती जपून ठेवावी आणि मुदत उलटली तर अपील करावे. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी स्टॅम्प पेपर मागितला जातो. तो घेण्याआधी विचारावे. बँकेत आधार ‘लिंक’ असणे आणि ते खाते थेट लाभासाठी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्कम शेवटी ज्या खात्याला आधार जोडला तिथे जाते, मग ते आईने बचत गटासाठी उघडायला लावलेले विसरलेले खाते का असेना. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक या तिन्हींत नावाचे स्पेलिंग एकच असावे. महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम संपत नाही. छापील प्रत आणि कागद कॉलेजात द्यावे लागतात, तिथून तो पुढे जातो. त्रुटी काढून परत आला तर तसा संदेश त्या मोबाइलवर येतो जो नेट कॅफेवाल्याने अर्जात घातलेला असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण पुन्हा करावे लागते. पहिल्या पिढीतली मुले इथेच सर्वाधिक गळतात, कारण पहिल्या वर्षी मदत करणारे शिक्षक आता जवळ नसतात.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक माध्यमिक शाळेने आठवीपासून विद्यार्थ्याच्या नोंदीत चार गोष्टी लिहाव्यात: आईचे शिक्षण, वडिलांचे शिक्षण, जमीन असल्यास बागायत किती व जिरायत किती, आणि हे मूल घरातून दहावीला बसणारे पहिलेच आहे का. ही नोंद जाहीर करू नये, सत्कारात वाचू नये. ती फक्त कोणाकडे आधी लक्ष द्यायचे हे ठरवण्यासाठी असावी. शासनाने शिष्यवृत्तीच्या छाननीत जिरायत आणि बागायत यांत फरक करावा. तहसील कार्यालयाने एप्रिलमध्ये मंडलनिहाय एक दिवस शाळेतच शिबिर घ्यावे, तलाठी, सेतूचा माणूस आणि बँकेचा माणूस एकाच टेबलावर बसावेत. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास गावी असतात, म्हणून हा महिना सोडू नये. महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणासाठी एका लिपिकाचे नाव आणि वेळ सूचनाफलकावर लावावी.

आणि आपल्या वृत्तपत्राने निकालाच्या पुरवणीआधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, इयत्तेनुसार कोणता दाखला कधी काढायचा याचा तक्ता छापावा. नियम बदलले असतील ते तपासून तो तक्ता आम्ही विनामोबदला तयार करून देऊ.

आपले,
प्रवेश व शिष्यवृत्ती अर्जांचे काम करणारे काही निवृत्त शिक्षक व कार्यकर्ते,
तासगाव, जि. सांगली